टेंभ्याच्या माळावरचं घरटं

बेबीबाई आडे दारात आली तेव्हा निता इंगोले टेबलावर कपाळ टेकून बसली होती. झोपली नव्हती, नुसती शिणली होती. महिनाभरात तिने अकरा स्थळांची चौकशी केली होती. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठे जमलं होतं का, शेत खरंच नावावर आहे का. पोलिसातली नोकरी सोडून तिने वाशीममध्ये खासगी चौकशीची पाटी लावली तेव्हा वाटलं होतं, आता खरी रहस्यं चालून येतील. आली ती लग्नाळू पोरं.

खिडकीपाशी रामधन बसला होता. तो तिच्यासाठी जीप चालवायचा आणि गरज पडली तर साक्षीदारही व्हायचा. पाच वर्षांपूर्वी बैलजोडी विकून त्याने ही जीप घेतली, तेव्हापासून त्याचे गुडघे आणि जीपचा क्लच एकाच वेळी कुरकुरत होते.

"ताई, माह्या नवऱ्यावरचा डाग धुऊन द्या," बेबीबाई उभ्यानेच म्हणाली.

"बसा आधी. पाणी घ्या. मंग पयल्यापासून सांगा."

तिचा नवरा लखीराम रिसोडकडच्या तांड्यावर राहायचा आणि टेंभ्याच्या माळावर फोटो काढायला येणाऱ्यांना पक्षी, काळवीट दाखवायचा. वनखात्याने त्याला गाइडचं कार्ड दिलं होतं. यंदा त्या माळावर तणमोराच्या मादीने घरटं केलं. तणमोर म्हणजे कोंबडीएवढा, पण अतिशय दुर्मीळ पक्षी. जमिनीवर, गवतात तीन अंडी होती. पोळ्याआधीच्या रविवारी लखीरामने तिघा फोटोवाल्यांना ती मादी लांबून दाखवली. आठ दिवसांपूर्वी, शुक्रवारी, ऐन पोळ्याच्या दिवशी, कोणीतरी घरट्यासमोरचं गवत कापून टाकलं. मादी उडून गेली. उघडी पडलेली अंडी कावळ्यांनी फोडली.

"आता ते म्हणतात, वाट फक्त लखीरामले मालूम होती. कार्ड जमा केलं. सोमवारी सुनावणी हाय."

"कार्ड गेलं तर?"

बेबीबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तर दसऱ्यानंतर पुन्हा ऊसतोडीच्या टोळीत. पोरगी हाय आमची, रीता. आठवीत हाय. मागच्या साली पयल्यांदा ती पुरं वर्ष शाळेत बसली, ताई. आता तिले पुन्हा उसाच्या फडात कशी नेऊ?"

निताने फायली बाजूला सारल्या. "रामधनभाऊ, जीप काढा," ती म्हणाली आणि उठताना तिनेही गुडघ्यावर हात टेकला.

माळ हिरवागार होता, कमरेएवढं गवत वाऱ्यावर हलत होतं. वनरक्षक गोविंदा त्यांना घरट्यापाशी घेऊन गेला. आता तिथे नुसती फोडलेली टरफलं होती. मागे लखीराम चालत होता. उंच, सुकलेला माणूस. रामधनला त्याच्याकडे बघवेना.

"गुरुवारी सांजेले मी दुर्बिणीनं पाह्यलं, मादी बसेल होती," गोविंदा म्हणाला. "पोळ्याच्या दिवशी आमी सारे गावात. सांजेले आलो तर कावळे."

"म्हणजे माळ दिवसभर रिकामा होता."

"पोळ्याले कोण येते इकडं?"

निता वाकली. घरट्यापासून एका उथळ खोलगटापर्यंत, चांगली चाळीस पावलं, गवतात हातभर रुंदीची सरळ पट्टी कापली होती. खोलगटातलं गवत चेपलं होतं, जणू कोणी पोटावर पडून राहिलं होतं. कापलेलं गवत तिथेच पडून सुकलं होतं, आणि कापलं होतं तेही बुडातून नाही, वीतभर वरून, वेडंवाकडं.

"लखीराम, तुमी गवत कसं कापता?"

"बुडातून. मंग पेंढी बांधतो," तो हळूच म्हणाला. "असं फेकून कोण देईल, ताई? तांड्यात बकऱ्या हायत ना."

मग तो त्या टरफलांपाशी उकिडवा बसला. "कार्ड गेलं तं गेलं. पन बोट म्याच दाखवलं होतं. त्या फोटोवाल्याहीले काय मालूम होतं, कुठं हाय ते."

त्याच्या बोलण्यात रडणं नव्हतं, म्हणूनच रामधनला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिघा फोटोवाल्यांना गाठलं.

मंगरूळपीरची रिंकू लग्नाचे फोटो काढायची. तिच्या स्टुडिओत एका नवरीचा अल्बम चिकटवणं चाललं होतं. ती फटकळ होती.

"पक्ष्यांचा नाद नवाच हाय मले. आन ही माझी लेन्स पाहा. हिच्यानं पक्षी टिपायचा तं त्याच्या डोक्यावर जाऊन बसा लागते. रविवारी मले मादी नुसती ठिपक्याएवढी दिसली. फोटो फेकून देल्ला."

"पोळ्याच्या दिवशी?"

"इथंच होती. एकटी. कोणी पाह्यलं नाही, मंग काय?"

बाहेर आल्यावर रामधन म्हणाला, "बाई, हिची लेन्स लहान. म्हणजे जवळ गेली असंल. हिनंच केलं."

निता हसली नाही, पण रागावलीही नाही. "चला पुढं," म्हणाली.

शिरपूर जैनला पियूषचं किराणा दुकान होतं. गल्ल्यावर त्याचे वडील पूनमचंद होते. पियूषकडे हातभर लांबीची लेन्स होती, आणि तो ती लपवत नव्हता.

"पण आम्हा जैनांचं पर्युषण पोळ्याच्या आदल्या दिवशीच लागलं, ताई. आठ दिवस मी उपाश्रयात, महाराजांच्या प्रवचनाला होतो. पोळ्याच्या दिवशी उपवास होता."

"सकाळपासून सांजेपर्यंत शंभर माणसांत बसला होता हा," पूनमचंद गल्ल्यावरून म्हणाले. "आन आमच्यात या दिवसात हिरव्या गवतावर पायसुद्धा ठेवत नाहीत. गवत कापणं तर सोडाच."

रामधनला ते पटलं नाही. धर्माचं नाव घेणारे त्याने पुष्कळ पाहिले होते. पण निताने उपाश्रयात जाऊन चौघांना विचारलं आणि पियूष दिवसभर तिथेच होता असं चौघांनीही सांगितलं. तिथल्या गार फरशीवर ती जरा वेळ नुसतीच बसून राहिली.

तिसरा वीरेंद्र. तो वाशीममध्येच राहायचा आणि फोटोच्या सहली काढायचा. भिंतीवर त्याचेच फोटो लावलेले: पाणकोंबडी, गरुड, उड्या मारणारी हरणं. त्याने चहा दिला, लखीरामबद्दल हळहळला.

"बिचारा गरीब माणूस. पण गरिबी काय करायला लावते बघा. मी पोळ्याच्या दिवशी माळाकडे फिरकलोच नाही. सकाळभर इथल्या धरणावर होतो. हे पाहा."

त्याने मोबाइल पुढे केला. पाण्यात एक रंगीत करकोचा उभा होता. पीस न पीस स्पष्ट, आणि मागे सगळं हिरवं, जरासं धूसर.

"पोळ्याचीच सकाळ. सात वाजले होते. उजेड कसा मऊ आहे पाहा. आणि मागची धूसरता! त्याचीच किंमत आहे या लांब लेन्सला."

रामधनने चष्मा वर केला आणि पडद्यावर बोटाने चित्र मोठं केलं.

"मागं कपाशीत तण काढाचा डवरा चालू हाय वाटते. तांबडी जोडी. डौलदार हाय हो! एका रेषेत चालून राह्यली."

"पक्षी पाहा ना, भाऊ," वीरेंद्र त्रासून म्हणाला. "बैल काय पाहता?"

"फोटो मले पाठवता?" निताने विचारलं. त्याने लगेच पाठवला. मोबाइलवरून अशा पाठवलेल्या फोटोत मूळ तारीख उरत नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही.

परतीच्या वाटेवर रामधन जोडीबद्दलच बोलत होता. खांदे कसे भरलेले, शिंगं कशी सारखी. मग त्याने उगाच गिअर बदलला. जोडी विकल्यापासून पोळा आला की तो घराबाहेर पडत नसे. घरात पडून राही, ढोलांचा आवाज कानावर येऊ नये म्हणून पंखा जोरात लावी. त्या दिवसाचा विचारच तो करत नसे.

निताने मोबाइल काढून तो फोटो पुन्हा उघडला.

सोमवारी वनखात्याच्या खोलीत सगळे जमले. वनाधिकारी साहेब टेबलामागे, समोर लखीराम आणि बेबीबाई, बाकावर तिघे फोटोवाले. दारात गोविंदा. लखीरामचं कार्ड टेबलावर पेपरवेटखाली होतं.

"साहेब, चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची घाई करू नका," निता म्हणाली. आवाज थकलेलाच होता, पण शब्द नीट. "आधी गवताचं बोलू. गावचा माणूस गवत बुडातून कापतो आणि पेंढी घरी नेतो. इथे वीतभर वरून कापलं आणि टाकून दिलं. कापणाऱ्याला गवत नको होतं, त्याला समोरचा आडोसा दूर करायचा होता."

"फोटोसाठी?" साहेबांनी विचारलं.

"हो. आणि चाळीस पावलांची सरळ पट्टी कापली, म्हणजे तो लांबून, पोटावर पडून फोटो काढणार होता. रिंकूची लेन्स लहान. ती घरट्याजवळ गेली असती, तिला पट्टी लागलीच नसती. मोठ्या लेन्सचे दोघेच. पियूष दिवसभर उपाश्रयात होता, शंभर माणसांनी पाहिलंय."

सगळे वीरेंद्रकडे वळले.

"मी धरणावर होतो! फोटो दिलाय तुम्हाला."

"दिलात." निताने मोबाइल साहेबांपुढे ठेवला. "पक्षी सुंदर आहे. मागे बघा."

साहेबांनी चित्र मोठं केलं. "बैल जुंपलेत. डवरणी चाललीय."

"रामधनभाऊ, पोळ्याच्या आदल्या सांजेले तुमी काय करत होते? जोडी होती तेव्हा."

रामधन उभा राहिला. "हळद-तुपानं खांदे मळत होतो, बाई. कानात सांगत होतो, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बोलता बोलता त्याचा हात हवेत तसाच थांबला, जणू खांद्यावर ठेवलेला. "आन दुसऱ्या दिवशी... अरे बापा! दुसऱ्या दिवशी खांद्यावर जू ठेवत नाही कोणी!"

साहेबांनी मोबाइल पुन्हा डोळ्यांजवळ धरला.

"वऱ्हाडात पोळ्याच्या सकाळी डवरा हाकणारा एक तरी शेतकरी दाखवा, मी माझी पाटी उतरवते," निता म्हणाली. "हा फोटो त्या दिवसाचा नाही. माळ रिकामा असेल म्हणूनच तुम्ही पोळ्याचा दिवस निवडलात, वीरेंद्र, आणि त्याच दिवसाने तुम्हाला पकडलं. पक्ष्याशिवाय काही बघायचंच नाही, ही तुमच्या धंद्याची सवय. तुमच्यासाठी मागचं सगळं धूसर. रामधनभाऊंना तिथे जोडी दिसली. तरी शंका असेल तर कॅमेऱ्यातला मूळ फोटो द्या. त्यात तारीख असते."

वीरेंद्रचा हात बॅगेच्या चेनपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"मला वाटलं, ती परत येऊन बसेल," तो शेवटी म्हणाला. "दोन तास वाट पाहिली मी. एकच फोटो हवा होता."

साहेबांनी गोविंदाला बॅग ताब्यात घ्यायला सांगितलं. मग पेपरवेट उचलून कार्ड लखीरामपुढे सरकवलं. बेबीबाईनेच ते घेतलं, पदरात बांधलं आणि गाठीवर गाठ मारली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. रामधनने भिंतीकडे तोंड केलं.

दहा दिवसांनी रिसोडला एका स्थळाच्या चौकशीला जाताना निताने जीप माळाकडे वळवायला लावली. लखीराम तिथेच होता, गळ्यात कार्ड. रीता शाळेत गेली, म्हणाला. टोळीच्या मुकादमाला नाही म्हणून सांगितलं.

तेवढ्यात गवतातून एक काळापांढरा पक्षी उसळला, क्षणभर हवेत फडफडला आणि पुन्हा गवतात उतरला. तणमोराचा नर. रामधन आयुष्यात पहिल्यांदा पक्षी पाहून हरखून गेला.

"अरे, मंग मादी बी असंल! पुन्हा घरटं केलं का तिनं? कुठी हाय?"

लखीरामची नजर माळाच्या एका कोपऱ्याकडे गेली आणि लगेच परत आली.

"नाही, भाऊ," तो म्हणाला. "यंदा नाही केलं तिनं."

निताने पाहिलं की बोलताना त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते, जणू बोट चुकूनही उठू नये. तिने मान डोलावली आणि रामधनला जीप सुरू करायला सांगितलं.