आजोबांच्या पाठीवरचं गाठोडं

हे माझ्याच घरात घडलंय. अजून संपलेलं नाही, म्हणून लिहितेय. पटलं नाही तरी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. फ्रँकफर्ट. जुन्या कागदी चित्रांची डागडुजी करणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी काम करते. मंगळवार होता. दुपारचे चार वाजले होते आणि बाहेर अंधारून आलं होतं.

टेबलावर एक चिनी चित्र होतं. लांबट गुंडाळी, नुसती काळी शाई. चढावर वाकून चाललेला एक म्हातारा हमाल. पाठीवर त्याच्याहून मोठं गाठोडं, त्याची दोरी कपाळावरून घेतलेली. चेहरा चार-पाच फटकाऱ्यांत काढलेला, पण इतका दमलेला, की बघवत नव्हतं.

मीही दमलेच होते. वर्कशॉपमध्ये एकटी. ब्रशने कागद ओला करताना सहज तोंडातून निघून गेलं, “आजोबा, द्या ते माझ्याकडे. टेका जरा.”

आणि...

मागे कुणीतरी खोल श्वास सोडला.

वळून पाहिलं. कुणीच नव्हतं.

पुन्हा चित्राकडे पाहिलं, तर...

गाठोडं नव्हतं.

म्हातारा ताठ उभा होता. पाठीमागे कोरा कागद. शाई फुटल्याचा डागही नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या बॉसने, फ्राऊ लिंडनरने, चित्र आलं तेव्हा काढलेला फोटो उघडला. फोटोत गाठोडं होतं. ती कितीतरी वेळ बघत राहिली. “मैथिली, तू काय केलंस?”

मी ब्रश धुवायला घेतला.

तोवर माझी पाठ वाकली होती. कपाळावर आडवा लाल वळ उठला होता. चालायला लागले की मागून आवाज यायचा...

दोरी करकरल्यासारखा.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. काहीच निघालं नाही. ताण आहे म्हणाले, आठवड्याची रजा लिहून दिली. तीन आठवडे मी नीट झोपले नाही.

आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एका संध्याकाळी सामानाच्या पिशव्या घेऊन मी जिन्यातच थांबले. माझा नवरा क्षितिज खाली आला.

“दे इकडे, मी घेतो.”

तो पिशव्यांबद्दल बोलत होता.

मी एकदम हलकी झाले. तो मात्र पायरीवर बसला.

“काय भरलंयस यात?”

सकाळी वळ त्याच्या कपाळावर होता.

मला कळलं होतं. “दे माझ्याकडे,” एवढंच म्हणायचं होतं. पण त्या रात्री मला झोप लागली होती. उद्या म्हणेन, म्हटलं. रोज तेच म्हटलं. क्षितिज ऑफिसला जायचा बंद झाला, तरी म्हटलं नाही.

फेब्रुवारीत सासूबाई पुण्याहून आल्या. अडुसष्ट वर्षांच्या. दारातच त्यांनी लेकाच्या चेहऱ्यावरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

“तुझं सगळं दुखणं मला लागू दे रे बाळा.”

मी “आई, थांबा” म्हणेपर्यंत...

बोटं कडाकडा मोडून झाली होती.

क्षितिज सरळ उभा राहिला. आई दाराची चौकट धरून खाली बसल्या.

“प्रवासाचा शीण आहे गं,” म्हणाल्या.

याला आता पाच आठवडे झाले. चित्र मालकाकडे परत गेलं, माझी नोकरी कशीबशी टिकली. क्षितिज बरा आहे. त्याला मी काहीच सांगितलेलं नाही. आई मात्र जेवतानाही वाकलेल्या असतात. त्या खोलीतून खोलीत जातात आणि मागून करकर येते... ती फक्त मला ऐकू येते.

काल मी स्वयंपाकघरात होते. त्या भिंतीला धरून आल्या. दोन्ही हात माझ्यापुढे केले.

“मैथिली, थोडा वेळ घेतेस का गं?”

त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

मी कुकरचा गॅस बारीक केला. मग उगाचच पुन्हा मोठा केला.

त्या बराच वेळ तशाच उभ्या होत्या.