किती शिट्ट्या ऐकल्यास?

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही नाही.

ही सकाळी सव्वाअकराची आहे. नऊ फेब्रुवारी, गुरुवार. जागा रुवेन्झोरीच्या डोंगरातली, चढाईच्या चौथ्या दिवसाच्या वाटेवरची मोठी दलदल. तिथे त्या वेळी आठ माणसं होती. त्यातल्या तिघांशी वेगवेगळं बोलून जे जुळलं तेच इथे आहे. जे जुळलं नाही, तेही शेवटी सांगितलं आहे.

खोटं वाटलं तर डोंगराच्या पायथ्याशी, किलेंबेला येऊन मासेरेकाला विचारा. तो सांगेल.

फक्त धुकं असेल त्या दिवशी विचारू नका.

मासेरेका हा ह्या आठांच्या तुकडीचा मुख्य वाटाड्या. वय सत्तेचाळीस, त्यातली बावीस वर्षं डोंगरात गेलेली. तो सगळ्यात पुढे. मधे डेन्मार्कचा हेन्रिक नावाचा शाळामास्तर आणि पाच हमाल. सगळ्यात शेवटी मासेरेकाचा जावई, बालुकू.

पण डोंगरात त्याला बालुकू कुणी म्हणत नसे.

आमच्याकडे मुलाचं नाव शोधावं लागत नाही. पहिला मुलगा मुंबेरे, दुसरा बालुकू, चौथा मासेरेका, सहावा थेंबो. घरोघरी तेच. बाजारात ‘बालुकू’ म्हणून हाक मारा, दहा माना वळतील. खाली त्याने काही बिघडत नाही. पण बांबूचं रान संपलं की आमचे जुने वाटाडे नाव घेणं बंद करायचे. वर जे राहून गेले, कधी सापडलेच नाहीत, त्यांच्यातही बालुकू आहेतच की. हाक एकाला मारायची आणि ओ भलत्यानेच द्यायची…

म्हणून वर प्रत्येकाला टोपणनाव. जावयाचं नाव किटली. त्याच्या पाठीवरच्या बोज्याला चहाची मोठी किटली बांधलेली असे. पुढून मासेरेका ‘होऽ’ म्हणून हाक द्यायचा. किटली काठीने भांड्यावर टोले द्यायचा. दोन टोले म्हणजे सगळे ठीक, चालत राहा. एक टोला म्हणजे थांबा, कुणीतरी संकटात आहे.

थेंबो नावाच्या हमालाचं टोपणनाव रेडिओ. का ते सांगायला नको.

“वाटाड्याचं डोकं बघा,” त्या सकाळी तो बाकीच्यांना सांगत होता. “जावयाला शेपटाला लावलंय. मधे सहा माणसं. घरातली भांडणं पुढे पोचायच्या आत विरून जातात.”

मागून किटली ओरडला, “मामा, ह्याचा बोजा वाढवा. श्वास उरतोय ह्याच्याकडे.”

“रेडिओ, सेल काढून ठेव,” मासेरेका म्हणाला. “पुढे दलदल आहे.”

तो हसला नाही. ही दलदल आली की तो कधीच हसत नसे.

अकरा वर्षांपूर्वी ह्याच जागी त्याचा सख्खा भाऊ गेला होता. चार भावांतला दुसरा. म्हणजे तोही बालुकू. तोही शेपटालाच होता. त्याच्याकडे किटली नव्हती, शिट्टी होती; खुणा ह्याच. गारपीट सुरू झाली, पुढून मासेरेकाने हाक दिली, मागून शिट्टी आली. तुकडी मुक्कामाला पोचली. भाऊ पोचला नाही. तीन दिवस शोधलं. एक गमबूटसुद्धा मिळाला नाही.

“मी दोन शिट्ट्या ऐकल्या,” मासेरेकाने तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं. “दोन होत्या. म्हणून मी चालत राहिलो.”

कुणी शंका घेतली नाही. दोनदा वाजली तर कोण थांबेल?

त्या गुरुवारी धुकं अकराच्या सुमाराला उतरलं.

हळूहळू नाही. दार लोटावं तसं.

दलदलीवर एकामागे एक फळ्या टाकलेल्या आहेत. फळी सोडली तर माणूस गुडघ्यापर्यंत जातो. कुठे कुठे छातीपर्यंत. दोन्ही बाजूंना लोबेलियाच्या झाडांचे सरळसोट खांब, माणसाच्या उंचीचे. धुक्यात ते उभी माणसं वाटतात. सवय असलेल्यालाही वाटतात.

“होऽ,” मासेरेकाने हाक दिली.

टण्ण. टण्ण.

शंभर पावलं गेली.

“होऽ.”

टण्ण. टण्ण.

आणि मग हेन्रिकने विचारलं, “शिट्टी कोण वाजवतंय?”

“कुणी नाही. पक्षी असेल.”

हेन्रिक पुढे चालू लागला. मासेरेकाला मात्र माहीत होतं, इतक्या धुक्यात त्या दलदलीत पक्षी बोलत नाहीत.

रेडिओ गप्प झाला होता. चार दिवसांत पहिल्यांदाच.

“होऽ.”

…काहीच नाही.

“होऽ!”

पाण्याचा आवाज नाही. बुटांचा नाही. वारासुद्धा नाही.

मग…

टण्ण.

एकच.

मासेरेका दुसऱ्या टोल्याची वाट बघत उभा राहिला. किती वेळ ते त्याला सांगता येत नाही. रेडिओ म्हणतो, शंभर मोजून होतील इतका.

दुसरा टोला आला नाही.

“सगळे इथेच बसा. फळीवरून पाय काढायचा नाही,” तो म्हणाला. “रेडिओ, तू माझ्याबरोबर.”

दोघे मागे निघाले. प्रत्येक हमालाच्या खांद्याला हात लावून मासेरेका मोजत गेला. एक, दोन, तीन, चार. चौथ्याच्या पुढे रिकाम्या फळ्या.

सातव्या फळीवर किटलीचा बोजा होता. नीट उभा करून ठेवलेला. बोज्याला भांडं बांधलेलं. शेजारी चिखलात काठी रोवलेली.

किटली नव्हता.

भांडं मात्र अजून हलत होतं. थोडंसं.

“आत्ताच गेला असेल… बाजूला,” रेडिओ हळू म्हणाला.

मासेरेकाने काठी उपसली. टोक चिखलात हातभर गेलं होतं. ज्याने ती रोवली, त्याने जोर लावून रोवली होती. आसपास पावलाची एक खूण नव्हती.

त्याच्या डोळ्यांसमोर त्याची मुलगी आली. बीरा. सातवा महिना. निघताना ती नवऱ्याला काही बोलली नव्हती, बापाला बोलली होती. “बाबा, काकांना आणलं नाहीत. ह्यांना आणा.”

“किटली!” मासेरेका ओरडला. “किटलीऽ!”

धुक्याने हाक गिळली.

पुन्हा मारली. पुन्हा तेच.

आणि मग त्याने ती चूक केली, जी त्याने बावीस वर्षांत एकदाही केली नव्हती.

“बालुकूऽ!”

रेडिओने त्याचा दंड पकडला. उशीर झाला होता.

डाव्या हाताला, अगदी जवळ, शिट्टी वाजली.

एकदा.

लोबेलियाच्या खांबांमधला एक खांब थोडा वाकला. तिकडूनच आवाज आला. थंड नाही, भयंकर नाही. दमलेल्या माणसाचा साधा आवाज, जेवायच्या वेळी घरात ऐकू येतो तसा.

“मासेरेका. त्या दिवशी किती शिट्ट्या ऐकल्यास?”

अकरा वर्षं तो एकच उत्तर देत आला होता. वहिनीला, पोलिसांना, आईला तिच्या शेवटच्या आजारात. तेच तोंडून निघालं.

“दोन, दादा.”

पलीकडे कुणीतरी गुदमरल्यासारखं ओरडलं. तो किटलीचा आवाज होता. मग चिखलाने काहीतरी आत ओढून घ्यावं तसा आवाज… ओला, सावकाश.

“किती ऐकल्यास?”

“दादा, त्याला सोड. त्याने काय केलंय?”

“मी काय केलं होतं?”

पुन्हा तो ओला आवाज. किटली आता ओरडत नव्हता.

मासेरेका फळीवर गुडघ्यांवर बसला.

“एक,” तो म्हणाला. “एकच होती. गारा डोक्यात बसत होत्या, मुक्काम अर्ध्या तासावर होता. मागे वळलो असतो तर सगळे अडकलो असतो. मी ऐकली. मला कळलं होतं. मी चालत राहिलो.”

वाकलेला खांब सरळ झाला.

तिथून बारा-पंधरा पावलांवर किटली सापडला. गळ्यापर्यंत चिखलात. उजवा हात सरळ वर. दोघांनी काठ्या आडव्या टाकल्या, दोर बांधला, बाकीच्यांना बोलावलं. बाहेर काढायला पाऊण तास लागला. हेन्रिकनेही दोर ओढला. त्याच्या तळहातांची सालं निघाली.

मुक्कामावर गरम पाणी पोटात गेल्यावर किटली बोलला.

“मामा, तुम्हीच तर बोलावलंत. बाजूच्या उंचवट्यावर उभे होतात. म्हणालात, बोजा ठेव, काठी ठेव, इकडून जवळ आहे.”

“मी पुढे होतो.”

“मग माझा हात कुणी धरला होता?”

रेडिओने त्याच्या अंगावर आणखी एक पांघरूण टाकलं.

“पूर्ण वेळ धरून होता,” किटली म्हणाला. “घट्ट. पण वर ओढत नव्हता, मामा. नुसता धरून होता.”

मासेरेका खाली उतरला तो थेट वहिनीकडे गेला. खरं काय ते सांगितलं. ती कसाव्याच्या कंदाचं पीठ चाळत होती. चाळणी थांबली नाही. “मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “तू ‘दोन’ फार पटकन म्हणाला होतास.” त्यानंतर ती त्याच्याशी बोललेली नाही.

आता न जुळलेली गोष्ट.

मासेरेका म्हणतो, त्याने ‘एक’ म्हणून कबूल केलं. रेडिओ त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर उभा होता. त्याला तीनदा विचारलं, तिन्ही वेळा त्याने तेच सांगितलं. मासेरेका गुडघ्यांवर बसला हे खरं. पण त्याचे ओठ मिटलेले होते. गारांचं, मुक्कामाचं, चालत राहिल्याचं सगळं ऐकू आलं, अक्षर न् अक्षर, मासेरेकाच्याच आवाजात.

फक्त ते दलदलीतून येत होतं.

एप्रिलमध्ये बीरा बाळंत झाली. मुलगा. तिचा पहिला मुंबेरे. हा दुसरा.

नाव शोधावं लागत नाही, हे वर सांगितलंच आहे.

बारा दिवसांचा असताना मासेरेकाने त्याला अंगणात आणलं. सकाळचे अकरा वाजले असतील. धुकं त्या दिवशी खूप खाली उतरलं होतं, कॉफीच्या झाडांपर्यंत. त्याने पोराच्या कानाजवळ तोंड नेलं आणि पहिल्यांदाच नाव घेतलं. हळू, पुटपुटल्यासारखं.

वरून, डोंगराच्या बाजूने, शिट्टी आली.

एकच.

मासेरेकाची बायको ओट्यावर भांडी घासत होती. तिचे हात थांबले.

“तूही ऐकलीस?” त्याने विचारलं.

“हो,” ती पटकन म्हणाली. “दोन होत्या ना?”