बिनखिशाचा माणूस

"या तिन्ही पँटचे खिसे शिवून बंद करा."

मी मशीनवरून मान वर केली. बारा वर्षं शिवणकाम करतेय, पण असला नमुना पहिल्यांदाच पाहत होते. चांगलं कापड, चांगले खिसे, आणि म्हणे बंद करा!

"डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"आहे की. आठ महिन्यांपूर्वीच आलंय," तो हसून म्हणाला. हसू गोड होतं, त्याचाच मला जास्त राग आला.

मग त्यानं सरळ सांगून टाकलं. नशेच्या पुड्या याच खिशांत असायच्या. त्यांच्यासाठी लोकांची पाकिटं मारली, दीड वर्ष तुरुंगात काढलं. "आता सुटलंय. पण खिसा असला की हात आपोआप चाचपडायला जातो... आणि हातामागून डोकं. आणि हो मास्तर, मी कधी उसवून मागितले ना, तर अजिबात उसवू नका. कितीही गोड बोललो तरी."

"तुम्ही गोड बोलता, हे कोण म्हणालं?"

त्यानंतर तो दर आठवड्याला यायचा. कधी बटण तुटलेलं, कधी कॉलर उसवलेली. शेजारी कापड कापणारा माझा दादा कुरकुरायचा, "याची बटणं काय चालता चालता गळतात?" मी ऐकलं न ऐकलं करायची. पण बटण लावताना त्याची नजर माझ्या बोटांवर असायची, आणि माझा टाका हमखास वाकडा पडायचा!

एका दुपारी तो आला तो पांढराफटक पडून.

"मास्तर, खिसे उसवा."

"काय झालं?"

तो छापखान्यात पुस्तकबांधणीचं काम करायचा. मालकाचं घड्याळ दिसेना, तर सगळ्यांसमोर फक्त याची झडती घेतली. पुढं घड्याळ सापडलं मोरीत, मालकानंच हात धुताना काढून ठेवलेलं. कुणी साधं 'चुकलं' म्हणालं नाही.

"चोर तो चोरच राहणार, तर मी झिजू कशाला? उसवा!" त्यानं माझी कात्री उचलली.

मी ती हिसकावून घेतली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते संतापानं. "खबरदार! मालकाच्या मूर्खपणापायी इतके महिने मातीत घालणार? बसा तिथं. आधी तुमच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या बाईंना फोन लावा, माझ्यासमोर."

त्यानं लावला. बोलता बोलता आवाज चिरकला, पण बोलला. बाईंनी सांगितलं, एकटा राहू नकोस, हाताला काम दे, ही लाट ओसरते. मी बटणांचा डबा त्याच्यापुढं उपडा केला. "रंग वेगळे करा."

दादा तोंड उघडणार, तोच मी कडाडले, "दादा, एक शब्द नको!" तो गुपचूप चहा टाकायला गेला.

अर्धी बटणं वेगळी झाली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला होता.

"चला," मी उठले.

"कुठं?"

"छापखान्यात!"

गळ्यातली टेप काढायचंही सुचलं नाही मला. भर कामगारांत मालकाला विचारलं, "झडती सगळ्यांसमोर, मग माफी कुठं अडली?" मालक आधी लालबुंद झाला. मग खाली बघत पुटपुटला, "चुकलं माझं."

"मोठ्यानं!"

त्यानं पुन्हा म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

परतताना मी अजून धुमसतच होते. तो मात्र गालात हसत होता.

"मास्तर... एक तरी खिसा द्या ना."

"मुळीच नाही!"

"मग हात कुठं ठेवू?"

मी थांबले. त्याच्याकडं रागानंच पाहिलं.

"एवढंही मीच सांगायचं का?" म्हटलं, आणि त्याचा हात हातात घेतला.