सुईला मूठ नसते

"तुमची सुई माझ्या बरगडीत घुसतेय."

त्या माणसाचं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

दाताच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत एकच अरुंद बाक होता. आत्या आत आ वासून खुर्चीत पडली होती आणि मी बाहेर बसून एका बाळाच्या स्वेटरची बाही पुरी करत होते. गिऱ्हाईक संध्याकाळी दुकानात येणार होतं.

"सॉरी," म्हणून मी कोपर आवरलं. चार टाके होतात न होतात तोच...

"आता परत घुसतेय. तीच."

"मग जरा तिकडे सरका ना!"

"तिकडे कुंडी आहे."

खरंच कुंडी होती. तिच्यातलं झाड त्याच्या कानात पानं घालून उभं होतं. मला हसू यायला हवं होतं, पण घाई होती, म्हणून वैताग आला. वर हा माणूस माझ्याकडे नाही, माझ्या सुईकडे टक लावून बघत होता.

"एवढी लांब कशाला हो ही? काम सगळं टोकाशी चाललंय. बाकीची नुसती हवेत हेलकावे खातेय. तिचं वजन तुमच्या मनगटावर... दुखत असेल ना मनगट?"

दुखत होतं. तेच जास्त खटकलं.

"आणि हिची मूठ कुठेय?"

"सुईला मूठ नसते."

"का नसते?"

"नसते म्हणून नसते!"

तो मुठी बनवायचा. म्हणजे एका कारखान्यात स्क्रूड्रायव्हर, करवती, तवे, असल्या वस्तूंच्या मुठींची रचना करायचा. "तुमच्या घरातल्या फ्रायपॅनची मूठसुद्धा माझी असेल," तो जरा फुशारकीनेच म्हणाला.

"आमच्या फ्रायपॅनची मूठ सैल झालीय."

"मग ती माझी नाही."

आणि एवढं बोलून, "बघू?" म्हणत त्याने मोकळी सुई म्हणून जी उचलली, ती मोकळी नव्हती. अख्खी ओळ सुटली. त्या बाहीकडे बघताना मला खरोखर रडू फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात आत्या बाहेर आली. गालात कापूस, त्यामुळे जन्मात पहिल्यांदा गप्प. माझ्या हातात उसवलेली बाही, त्याच्या हातात माझी सुई... तिने भुवया उंचावल्या.

"तुम्हीपण विणता का?" त्याने तिला विचारलं.

आत्याने नकारार्थी मान हलवली आणि दोन्ही अंगठे त्याच्यासमोर धरले. सुजलेले, बुडाशी गाठ आलेले. माझ्या हातात पहिल्यांदा सुया दिल्या त्या याच हातांनी. आई गेल्यावर मला वाढवलं तेही यांनीच. अंगठे आखडल्यापासून आत्या आमच्या लोकरीच्या दुकानात नुसती बसून असायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसायची.

त्याने तिचा हात हळूच आपल्या तळव्यावर घेतला, वळवून पाहिला. मघाचा वात्रटपणा कुठल्या कुठे गेला होता.

"धरताना दुखतं, की वळवताना?"

आत्याने बोटं आवळून दाखवली. धरताना.

"हं..." तो म्हणाला. बस्स, एवढंच. पण शनिवारी, माझ्या पिशवीवरचा पत्ता वाचून, दुकानाच्या दारात उभा!

पहिल्या खेपेला त्याने सुईवर गाजराएवढी जाड रबराची मूठ चढवून आणली होती. धरायला छान, मऊसूत. मी टाके घातले आणि तिसऱ्याच टाक्याला गाडी अडली.

"टाके इथून सरकतात हो!" मी म्हणाले. "जिथे आपण धरतो ना, तिथूनच."

तो स्टुलावर बसला. "म्हणजे... जिथे मूठ हवी, तिथेच मूठ चालत नाही?"

"मी बाकावर बसून दुसरं काय सांगत होते?"

"तुम्ही ओरडत होतात. सांगत नव्हतात."

पुढच्या शनिवारी मूठ मागच्या टोकाला. सुई पाळण्यासारखी झुलली आणि माझ्या चहाच्या कपात बुडाली. त्याच्या पुढच्या शनिवारी तर स्वारी धावतच आली. काचेवर धुकं जमलं होतं, त्यावरून हात फिरवून त्याने आधी मी आत आहे का ते पाहिलं, आणि दार ढकलून म्हणाला, "सापडलं! दोन आखूड सुया, मधे लवचीक तार! सगळं वजन मांडीवर! असं अजून कुणी केलंच नसेल!"

मी गल्ल्याजवळचा खण ओढून त्याच्यापुढे ठेवला. आत तसल्याच सुया होत्या, बांबूच्या, धातूच्या, सगळ्या मापाच्या.

"याला गोल सुई म्हणतात," मी म्हणाले. "तुमच्या जन्माच्या आधीपासून मिळते."

त्याचा चेहरा असा काही पडला की आत्या खो खो हसत सुटली. किती महिन्यांनी! मी वैतागायचं विसरून तिच्याकडे बघत राहिले. मग दिसलं, तोही तिच्याकडेच बघतोय आणि स्वतःही हसतोय.

"मला नाही जमत ती तार," आत्या डोळे पुसत म्हणाली. "सारखी वळवळते. आणि धरायला पुन्हा तीच बोटं आवळा."

"तुम्हाला स्वतःला विणता येतं का?" मी त्याला विचारलं.

"नाही."

"मग आधी शिका! सायकल न चालवता सीट बनवायला निघालेत!"

तो शिकायला लागला. आमच्या दुकानात, खिडकीपाशी, गिऱ्हाईक बायकांच्या घोळक्यात. एका गिऱ्हाईकबाईंनी त्याचं नाव 'सुईवाले' ठेवलं. तो इतकं घट्ट विणायचा की सुई कुरकुर वाजायची.

"एवढं आवळू नका. लोकर आहे, स्क्रू नाही."

"सैल सोडलं तर सुटेल."

"नाही सुटत. विश्वास ठेवा."

"कुणावर? लोकरीवर, की तुमच्यावर?"

"लोकरीवर. माझी तुमची कुठे एवढी ओळख?"

"होईल की..." तो सुईकडे बघत म्हणाला. कान मात्र लाल झाले होते. मी त्याची बोटं धरून धागा कसा सोडायचा ते दाखवत होते. मुठीवाल्याची बोटं! जागोजागी कापलेली, पॉलिशचा वास येणारी. दाखवून झालं तरी माझा हात तिथेच... आत्या खाकरली. मी हात असा काढून घेतला की त्याची अख्खी ओळ पुन्हा सुटली.

"हे तुमच्यामुळे," तो म्हणाला.

"फिट्टंफाट झाली," मी म्हणाले.

पण एका शनिवारी विणता विणता तो मधेच थांबला. सुई दोन बोटांत घेऊन फिरवत बसला. "ही गोल आहे," तो स्वतःशीच बोलावं तसा म्हणाला. "गोल आहे म्हणून हातात फिरते. फिरू नये म्हणून अंगठा दाबतो. दिवसभर दाबतो! आपण विणायला जोर लावतच नाही, फिरू न द्यायला लावतो. मूठ नकोच... सुईच चौकोनी हवी!"

त्याने लाकडाची चौकोनी सुई बनवली, कडा गुळगुळीत गोलावलेल्या. लांबी तळहाताएवढीच, आणि मागे मऊ, लवचीक शेपटी, मांडीवर निवांत पडणारी. आत्याने धरली. एक ओळ विणली. चेहरा वाकडा झाला नाही. दुसरी विणली. मी श्वास रोखून उभी होते, तो तर खिडकीकडे तोंड करून उभा होता, बघायची छाती होत नव्हती.

"ठीक आहे," आत्या म्हणाली, आणि तिसरी ओळ सुरू केली.

आत्या शाल विणू लागली. रोज थोडी थोडी. खेकसणं थांबलं, गुणगुणणं सुरू झालं. सगळं कसं छान चाललं होतं. आणि मग शाल कमरेएवढी झाली तेव्हा तिच्या वजनाने लाकूड आणि शेपटी जिथे जोडली होती तिथे सुई सुटली. टाके भराभर निसटायला लागले. ते धरायला आत्याने झडप घातली आणि अंगठा मुरगळला.

शनिवारी तो आला तेव्हा आत्याच्या हाताला पट्टी होती.

"झालं समाधान?" मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "तिचा हात म्हणजे तुमचं प्रयोगाचं टेबल आहे का? किती आशा लावलीत तिला! नका येऊ परत. खरंच नका येऊ."

त्याने पट्टीकडे बघितलं, आत्याला वाकून "माफ करा" म्हणाला आणि गेला.

मला वाटलं होतं, आत्या माझी पाठ थोपटेल. ती दिवसभर बोलली नाही. दुकान बंद करताना मात्र फुटली.

"अंगठा माझा. मग भांडण तुझं कसं?"

"तुला दुखलं म्हणून..."

"दुखलं! मग? पडल्यावर दुखतंच. पण चालत होते ना मी? तू तर मला चहाचा कप उचलू देत नाहीस. लोकरीचे गुंडे लावू देत नाहीस. जपून जपून कपाटात ठेवलंयस मला. त्याने निदान विचारलं तरी, धरताना दुखतं की वळवताना! तू विचारलंस कधी?"

नव्हतंच विचारलं. भीती वाटायची.

"आणि दर शनिवारी सकाळपासून आरशासमोर जे चालतं," आत्या कुलूप ओढून बघत म्हणाली, "ते माझ्या अंगठ्यासाठी नव्हतं, एवढं कळतं मला."

पुढचा शनिवार आला. दाराची घंटा वाजली की माझी मान वर, आणि दर वेळी कुणीतरी पांढरी लोकर मागायला आलेलं. इतकी वर्षं शांतता हवी, शांतता हवी म्हणत होते. मिळाली, तर खायला उठली. माझ्या सुईला कुणी नावं ठेवत नव्हतं. कुणी माझ्या कपात काही बुडवत नव्हतं. वैतागायलासुद्धा माणूस लागतो, आणि मला तोच हवा होता... हे कळल्यावर मी स्वतःवरच इतकी वैतागले की छत्री उचलली आणि निघाले.

पाऊस बारीक होता, वारा मात्र असा की छत्री उलटी. त्याच्या कारखान्यात पोचले तेव्हा केसांतून पाणी निथळत होतं. तो मागच्या खोलीत होता. टेबलावर तुटलेल्या सुयांचा ढीग, आणि वरच्या आकड्याला एका सुईवरून त्याने स्वतः विणलेला लांबच लांब मफलर लोंबत होता. वाकडातिकडा, जागोजागी भोकं पडलेला. त्याला खाली वजन बांधलेलं होतं.

मला बघून तो उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"आत्यांचा हात कसा आहे?"

"बरा आहे. पट्टी निघाली."

"बरं झालं... हे बघा, चूक माझीच होती. मी शेपटी नुसती चिकटवली होती. आता लाकडाला आत पोकळ केलंय, शेपटी आतपर्यंत जाते, आणि वरून उतार दिलाय, म्हणजे टाका अडकणार नाही. कालपासून हे वजन टांगलंय, तरी सुटलेली नाही. पण मी तुमच्याकडे आणणार नव्हतो. म्हणजे, तुम्ही नको म्हणालात, त्यामुळे... कुणाच्या तरी हाती पाठवली असती. उतार अजून थोडा लांब हवाय का असं वाटतंय, कारण लोकर जाड असेल तर सांध्यापाशी..."

मी उभीच. पायापाशी पाण्याचं तळं झालेलं. हा माणूस मला सांधा समजावत होता!

"अरे गाढवा," मी ओरडले, "मी सांध्यासाठी आलेय का एवढ्या पावसात?"

बाजूच्या खोलीतलं यंत्रसुद्धा नेमकं तेव्हाच थांबलं. तो माझ्याकडे बघत राहिला. सुईकडे नाही... माझ्याकडे.

"तुम्ही मला 'अरे' म्हणालात," तो हळूच म्हणाला.

"गाढवही म्हणाले."

"ते ऐकलं. पण 'अरे' जास्त ऐकू आलं."

मला कुठे बघावं कळेना. मी त्या मफलरकडे बघत राहिले. तो जवळ आला, खिशातून रुमाल काढला, त्यावर पॉलिशचे डाग होते, म्हणून परत ठेवला, आणि शेवटी स्वतःच्या बाहीनेच माझ्या कपाळावरचं पाणी टिपलं.

"मग कशासाठी आलीस?" त्याने विचारलं.

आलीस!

"दुकानात फार शांतता झालीय," मी म्हणाले. "मला सहन होत नाही."

"मी फार बोलतो?"

"फार."

"रोज ऐकावं लागेल. शनिवारपुरतं नाही. चालेल?"

"वैताग येईल."

"येऊ दे. पण चालेल का?"

मी मान डोलावली. तो हसला, माझा हात धरला. घट्ट नाही, सैल नाही... जसा शिकवला होता तसा.

दुकानात आत्याने ती नवी सुई उजेडात धरून उलटीपालटी करून पाहिली. सुटलेली शाल मी पुन्हा चढवून दिली होती. तिने विणायला घेतलं. आम्ही दोघं समोर. उतार पुरेसा आहे का, टोक अजून निमुळतं हवं का, तो म्हणे हवं, मी म्हणे टोचेल. तो म्हणाला, तुला प्रत्येक गोष्टीत नाही म्हणायची सवय आहे. मी म्हणाले, तुला प्रत्येक गोष्टीत बोट घालायची आहे. तो म्हणाला, लग्नाला तर हो म्हणालीस. मी म्हणाले, अजून विचारलंयस कुठे नीट?

"आता विचार, नाहीतर दुकानाबाहेर जाऊन भांडा!" आत्या मान वर न करता कडाडली. सुया तिच्या हातात झरझर चालत होत्या. "जरा गप्प बसाल का दोघं? टाके मोजतेय मी!"