सातवी ओळ

सत्याप्पाची भाकरी घेऊन मी वखारीत गेले, ती सत्त्याऐंशी सालची गोष्ट. बाहेर निपाणीचं कडक ऊन, आत तंबाखूच्या वासानं डोळे चुरचुरत होते. सत्याप्पा माझा थोरला लेक, बेळगावात शिकून इंजिनिअर झालेला. तंबाखूच्या सहा थप्प्या आतून किती तापल्यात हे सांगणारी पेटी त्यानं बनवली होती. तीन दिवस तिथंच बसून होता.

पेटीत झुरळाएवढा काळा तुकडा, पाय फुटलेला; चिप म्हणत होता त्याला. ह्याला बोलायला तोंड न्हाय, सत्या म्हणाला, म्हणून मी त्याला मोजायला शिकवलंय. तो मोजून मोजून एकाच तारेवर वीज चालू-बंद करतो, आणि पल्याड टर्मिनलच्या, टीव्हीसारख्या पडद्यावर अक्षर उमटतं. मोजणी जरा चुकली की नुसता कचरा.

पडद्यावर सहा हिरव्या ओळी होत्या, एकेका थप्पीची एकेक. मला वाचता येत न्हाय, तोच वाचून दाखवत होता. तेवढ्यात सातवी उमटली.

"सदतीस," तो म्हणाला. "आये, थप्प्या तर सहाच. सहाच्या फुडं लिवायला मी त्याला शिकवलंच न्हाय."

त्यानं पेटीतनं पडद्याला येणारी तार उपटली. सहा ओळी थांबल्या. सातवी चालूच. छत्तीस. पस्तीस...

"कसला रं आकडा ह्यो?"

"सदतीस म्हंजे... जित्या माणसाच्या अंगाची ऊब."

मी त्याचा हात धरला. विहिरीतल्या दगडागत गार. मला काय बी झालं न्हाय म्हणून हसला, पण ओठ निळे पडलेले. बत्तीस, तो वाचतच होता, दुसऱ्या कुणाचं असल्यागत. मी त्याला ओढत दारातल्या उन्हात आणलं, मांडीवर घेतलं, हातपाय चोळ चोळ चोळले. तिथनं पडदा दिसत होता. तेहतीस, तो पुटपुटला. मग चौतीस. सदतीसला ओठांवर रंग आला आणि त्यानं विचारलं, लसणाची चटणी आणली न्हाईस व्हय गं?

मी हसले. आणि आठवी ओळ उमटली.

आता किती, मी विचारलं. तो वाचेना. मग उठला, पडद्याचं बटण बंद केलं आणि माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. माझे गार होते का, मला ठाऊक न्हाय. आपलं आपल्याला कळतंय व्हय?

आता तो बेळगावात साहेब आहे. दर रविवारी येतो, बोलता बोलता माझे तळवे चोळत बसतो. आकडा अजून सांगत न्हाय.