पाइपावरचा दुसरा माणूस

खोटं वाटत असेल तर वाचू नका. पण हे माझ्यासोबत घडलंय. गेल्या वर्षी, कापसाच्या हंगामात, गुडीहत्नूरच्या अलीकडच्या एका जिनिंगमध्ये. दिवेलागणीची वेळ होती.

मी सुरेंद्र. अदिलाबाद जिल्ह्यातल्या एका छोट्या अग्निशमन केंद्रात फायरमन.

केंद्र म्हणजे नुसतं नावाला! बंब एकच, त्याचा पंप लहरी. धुरात पाठीवर बांधायचा हवेचा सिलेंडर आहे, पण रिकामा. पाइपावर दोन माणसं लागतात. पुढचा पाणी मारतो, मागचा पाइप उचलून धरतो आणि पुढच्याला सांभाळतो.

माझ्या मागे नीळकंठ असायचा. आम्ही त्याला निळू म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी एका गोदामाच्या आगीत तो गेला. त्याची जागा भरा म्हणून सांगून सांगून माझा घसा बसला.

त्या संध्याकाळी आमचे बाकीचे दोघं कुठल्याशा सभेच्या बंदोबस्ताला. बंबावर मी आणि ड्रायव्हर मल्लेश, एवढेच.

मल्लेश तेलुगू. पंपाच्या आवाजात त्याला मराठी उमजत नाही. म्हणून पाणी हवं असलं की मी त्याच्या भाषेत ओरडायचो, "नीळ्ळू!"

नीळ्ळू म्हणजे पाणी.

जिनिंगच्या गोदामात, पार आतल्या बाजूला, कापसाच्या गासड्या पेटल्या होत्या. दारातून पाणी पोचेना. मी एकटाच पाइप ओढत धुरात शिरलो.

"नीळ्ळू!"

पाणी नाही.

"नीळ्ळू! अरे नीळ्ळू!"

पंप पुन्हा बंद पडला होता. इतकी चीड आली की रडूच फुटायचं बाकी होतं.

आणि तेवढ्यात... हातातला पाइप हलका झाला.

कोणीतरी मागून उचलला होता.

"आलो ना बे... काऊन वरडून राह्यला?"

कॉलरला जोरात झटका बसला. मी दारापर्यंत फरफटत आलो. मी उभा होतो तिथं गासड्यांची थप्पी कोसळली.

बाहेर मल्लेश पंपात डोकं घालून बसलेला.

"अंदर किसको भेजा रे?"

"किसको भेजूंगा? हम दोनोंच तो हैं."

साहेबांना सगळं सांगितलं, तो आवाज सोडून. पुन्हा माणूस मागितला.

साहेब म्हणाले, "दोघांत भागलं ना तुमचं? मंग काऊन लागते तिसरा?"

डोकंच फिरलं माझं.

नंतर मी मल्लेशला सांगून ठेवलं, यापुढे 'नीळ्ळू' नाही, 'पाणी' ओरडणार. गेल्या आठवड्यात कडब्याची गंजी पेटली, तेव्हाही बंबावर आम्ही दोघंच. मी ओरडलो, "पाणी!"

पाणी आलं.

आणि कानाशी कोणीतरी चिडून बोललं... "माहं नाव घ्याले जीभ झडली का रे तुही?"

मी मागे पाहिलं नाही. मल्लेश पंपापाशी होता, आणि पाइप मागून कोणीतरी धरलेला होता.

काल साहेबांचा फोन आला. जागा मंजूर झाली. पुढच्या महिन्यात नवा माणूस येतोय.

दोन वर्षं हेच तर मागत होतो मी.

आता त्याला उभं कुठं करू, कोणी सांगेल का?