जबानीतले नऊ सेकंद

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. तेही मध्यरात्री नाही... मंगळवारी, भर दुपारी तीन वाजता, माणसांनी भरलेल्या कचेरीत.

लढाई नुकतीच संपली होती. सैनिकांनी एका गावात एक घर पेटवलं होतं. तळघरात बायका-मुलांची प्रेतं सापडली. त्याची चौकशी चालू होती, आणि सैनिकांच्या जबान्या टेपवरून टाइप करायचं काम मावशीकडे होतं. नियम एकच. ऐकू येईल ते सगळं उतरवायचं. खोकलासुद्धा. कोणी गप्प बसलं तर किती सेकंद, तेही.

टेपवर नावं नसत, नुसते क्रमांक.

तिने सहा नंबर लावला... आणि तिचे हात थांबले.

आवाज ढब्बूचा होता. तिच्या एकुलत्या एका मुलाचा.

लहानपणी गुटगुटीत, म्हणून ढब्बू. लढाईवरून आला तो नुसता सापळा. "त्या गावात मी नव्हतोच," असं त्याने आईला सांगितलं होतं.

खरं तर तिने उठून साहेबांना सांगायला हवं होतं. नाही उठली. आईच ती.

"आम्ही दारातून हाक मारली," ढब्बू सांगत होता. "आत कोणी आहे का, विचारलं."

मग तो गप्प झाला.

एक सेकंद... दोन... तीन...

"आहोत..."

बाईचा आवाज. दबलेला, जमिनीखालून आल्यासारखा.

"आम्ही आहोत... लेकरं आहेत हो..."

आणि लगेच ढब्बू. "काही उत्तर आलं नाही. मग पेटवलं."

मावशीने टेप थांबवली. तिने हेडफोन शेजारच्या बाईंना दिले.

"अहो, जरा ऐका ना. मध्ये कोण बोलतंय?"

"कोणी नाही हो. चहा घ्या आधी, तोंड बघा कसं उतरलंय!"

मावशीने पुन्हा लावलं. बाई बोलतच होती. या वेळी मागे एक मूलही रडत होतं.

लिहावं, तर पोटचा पोरगा जातो. मावशी रडत रडत टाइप करत राहिली.

(शांतता, नऊ सेकंद.)

ढब्बू निर्दोष सुटला. घरी आला, आईने त्याला पोटाशी धरलं. तो तसाच ताठ उभा राहिला.

"आई, माझी जबानी तू उतरवलीस ना? खाली तुझी सही होती."

"हो रे."

"मध्ये काही ऐकू आलं?"

"नाही. काहीच नाही."

"मला आलं होतं," ढब्बू म्हणाला. "तेव्हाच. दारात उभा होतो ना, तेव्हा. तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही. टेप तुझ्याकडे येईल, तू तरी लिहिशील, असं वाटलं होतं गं."

दुसऱ्या दिवशी तो स्वतः कचेरीत गेला. सगळं कबूल केलं. साहेबांनी पाठीवर हात ठेवून त्याला परत पाठवलं. प्रकरण मिटलं होतं, टेपा पुसून झाल्या होत्या.

तो अजून जातो. दर आठवड्याला. बाहेरच्या बाकावर बसून राहतो, कोणी आत बोलवत नाही.

बंद खोलीत घेतलेल्या जबानीत ती बाई कुठून आली, कोण जाणे. मावशीने हे सगळं एकदाच सांगितलं; पुन्हा विचारायची माझी अजून छाती होत नाही.